नर समजलेल्या लव्हबर्डचं अडकलेलं अंडं

तक्रार पायाची होती. गुलाबी चेहऱ्याच्या लव्हबर्ड या लहान पोपटवर्गीय पक्ष्यांची एक जोडी, वय तीन वर्षांच्या आसपास, दोघं लहानपणापासून एकाच पिंजऱ्यात. त्यातला हिरवा, म्हणजे घरच्यांच्या लेखी नर, सकाळपासून पिंजऱ्याच्या तळाशी बसून होता. दांडीवर चढायचा, घसरायचा, पुन्हा खाली. डावा पाय टेकत नव्हता. रात्री जाळीत अडकून पाय लचकला असणार, असं धरून घरच्यांनी पायाला मलमही चोळलं होतं. (पक्ष्याला मलम लावू नये. ते पिसांना लागतं, पिसं चिकटतात, ऊब धरत नाहीत आणि उरलेलं पक्षी चोचीने पोटात घेतो.) पिवळी, म्हणजे त्यांची मादी, ठणठणीत होती. तिला घरीच ठेवून फक्त हिरव्याला माझ्या दवाखान्यात आणलं होतं.

आजारी पक्षी समोर आला की त्याला लगेच हातात घ्यायचं नसतं. आधी लांबून बघायचं. लव्हबर्डचं सगळं वजन पन्नास ग्रॅमच्या घरात. धडपड करून दमला तर तपासतानाच हातात मान टाकतो. आणि बघण्यातूनच निम्मं कळतं. हिरवा पिसं फुलवून बसला होता, डोळे अर्धवट मिटलेले. दोन्ही पाय नेहमीपेक्षा फाकलेले. प्रत्येक श्वासाबरोबर शेपटी वरखाली होत होती आणि मधूनच अख्खं अंग आवळून तो कुंथत होता. नुसता पाय लचकलेला पक्षी एका पायावर उभा राहतो, चिडतो, चावायला येतो. तो शेपटीने श्वास घेत नाही.

हातात घेतल्यावर बाकीचं उलगडलं. पायाची हाडं शाबूत, सूज नाही, पण बोटांची पकड दोन्ही पायांची ढिली, डाव्याची जास्त. मलद्वाराभोवतीची पिसं ओली आणि माखलेली. छातीचं हाड संपतं तिथपासून मलद्वारापर्यंतचा भाग फुगलेला, आणि बोट अलगद ठेवलं की आत काहीतरी गोलसर, थोडं टणक. वजन ६१ ग्रॅम, या जातीसाठी जास्तच.

‘याच्या पोटात अंडं आहे,’ मी सांगितलं.

‘पण डॉक्टर, हा तर नर आहे!’ घरातली मोठी मुलगी म्हणाली. पिंजऱ्याची सगळी देखभाल तीच करायची.

या एका ठाम समजुतीमुळे महिनोन्‌महिने समोर घडणाऱ्या गोष्टींचा अर्थ उलटा लागत गेला होता. पण ते नंतर. आधी अंडं.

पायाचं कारण सोपं आहे. पक्ष्याच्या पायांकडे जाणाऱ्या नसा ओटीपोटात, मूत्रपिंडाला लागून जातात. अंडं तिथे अडकून बसलं की नसांवर दाब येतो आणि पाय लुळा पडल्यासारखा दिसतो. म्हणून मादी पक्षी अचानक लंगडायला लागली आणि पडल्याझडल्याची खूण नसली, तर आधी पोटाकडे बघायचं. श्वासाचंही तसंच: पक्ष्यांच्या पोटात हवेच्या पिशव्या असतात, आणि अंड्याने जागा अडवली की त्या फुलायला वाव राहत नाही.

उपचारात मोह होतो तो लगेच एक्स-रे काढण्याचा. धापा टाकणाऱ्या पक्ष्याला टेबलावर आडवं ताणून धरलं तर चित्र छान येईल, पक्षी उरेलच असं नाही. त्यामुळे आधी त्याला ३० अंशांच्या आसपास तापमान असलेल्या दमट, अंधाऱ्या पेटीत ठेवलं, त्वचेखाली कोमट सलाइन दिलं आणि कॅल्शियमचं इंजेक्शन दिलं. अंडं बाहेर ढकलायचं काम अंडनलिकेच्या स्नायूंचं, आणि स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागतं. रक्तात तेच कमी असेल तर पक्षी कितीही कुंथला तरी अंडं पुढे सरकत नाही. श्वास थोडा शांत झाल्यावर एक्स-रे काढला. अंडं एकच होतं, पण त्याची कडा इतकी पुसट की निरोगी कवचाची ठसठशीत पांढरी रेघ तिथे नव्हतीच. मऊ कवचाचं अंडं अडकण्याची भीती जास्त, कारण स्नायूंना दाब द्यायला घट्ट असं काही मिळत नाही.

पुढचे पर्याय सांगून ठेवले होते. अंडं खाली सरकलेलं दिसत असेल तर अंडनलिकेचं तोंड सैल करणारं प्रोस्टाग्लँडिनचं जेल. तेही लागू पडलं नाही तर सुईने अंड्यातला द्रव ओढून कवच आत चेपायचं, म्हणजे ते तुकड्यांनी बाहेर येतं. आणि अगदीच वेळ आली तर शस्त्रक्रिया. यातलं काही लागलं नाही. रात्री उशिरा अंडं आपलं आपणच पडलं, चामड्यासारखं लवचीक, एका टोकाला सुरकुतलेलं. सकाळी पक्षी दांडीवर होता. पकड पूर्ण सुधारायला आणखी काही दिवस लागले.

इथे एक गोष्ट ठासून सांगितली पाहिजे, कारण लोक ती करतात. पोट दाबून अंडं बाहेर काढायचा प्रयत्न घरी कधीही करू नये. अंडं आत फुटलं तर कवचाच्या धारदार तुकड्यांनी नलिका फाटते, आतला बलक पोटात सांडतो, किंवा नलिकाच उलटी होऊन बाहेर येते. मलद्वारात तेल सोडणं हाही निरुपयोगी उद्योग, अंडं त्याच्या खूप वर असतं. घरी करण्यासारखं एवढंच: ऊब, अंधार, शांतता आणि पक्ष्यांचा डॉक्टर गाठणं. एवढ्या लहान पक्ष्याला अंडं अडकल्यावर ‘उद्या बघू’ म्हणायला वेळ नसतो.

नर कशावरून?

हिरवी (आता तिला हिरवीच म्हणू) नर आहे हे ठरलं कसं, तर ती दांडगी होती म्हणून. पिंजऱ्यात हात घातला की चावायची, पिवळीला चोचीने भरवायची, कधी तिच्या पाठीवर चढायची. घरच्यांनी यावरून जो निष्कर्ष काढला तो कोणीही काढला असता. पण लव्हबर्डमध्ये घरट्याची राखण करताना जास्त आक्रमक असते ती बहुतेक वेळा मादीच. आणि दोन माद्या एकत्र वाढल्या तर त्या जोडी बांधतात, एकमेकींना भरवतात, पाठीवर चढतात, सगळा संसार मांडतात. गुलाबी चेहऱ्याच्या जातीत नर-मादी दिसायला सारखेच. ओटीपोटाची हाडं चाचपून सांगणारे लोक असतात, पण त्यात चूक होण्याला भरपूर वाव आहे. खात्रीचा मार्ग म्हणजे डीएनए चाचणी. पक्ष्यांत मादीची लिंग ठरवणारी गुणसूत्रं वेगवेगळी असतात, झेड आणि डब्ल्यू. नराची दोन्ही झेड. उपटलेलं एखादं पीस किंवा रक्ताचा थेंब पुरतो. आम्ही दोघींची चाचणी केली. दोन्ही माद्या.

खरं तर चाचणीआधीच दोन पुरावे घरात पडलेले होते. पहिला, अंड्यांची संख्या. लव्हबर्डची मादी एका विणीत साधारण चार ते सहा अंडी घालते, एकाआड एक दिवस. या पिंजऱ्यातल्या घरट्याच्या पेटीत आदल्या खेपेला दहा अंडी होती. मुलीने मोबाइलमध्ये फोटो दाखवला: दहा पांढरी अंडी, त्यांच्यावर कशीबशी मावणाऱ्या दोघी. ‘आमची पिवळी खूप अंडी देते,’ असं घरात कौतुकाने सांगितलं जायचं. एकाही अंड्यातून पिल्लू निघालं नाही. त्याचा दोष पिवळीच्या अनुभवावर, थंडीवर, पेटीच्या आकारावर गेला. पेटीत नरच नाही, ही शंका कोणाला आली नाही. एकाच पेटीत दहा अंडी आणि सगळी पोकळ, हे दिसलं की पहिला संशय दोन माद्यांचा घ्यायचा.

दुसरा पुरावा कागदाचा. वर्तमानपत्र मिळालं की हिरवी त्याच्या कडेने चोच टकटक चालवत जायची आणि बोटभर लांबीची सरळ, एकसारखी पट्टी कापून काढायची. मग ती पट्टी कमरेवरच्या पिसांत खोचायची, पिसं वर करून, पुन्हा मिटून. तीन-चार पट्ट्या खोचल्या की पेटीत जायची. ही या जातीच्या मादीची घरटं बांधायची रीत आहे. नरही कधी कागद कुरतडतात, पण इतकं नेटकं काम सहसा त्यांच्या चोचीला येत नाही. फिशर जातीचे लव्हबर्ड सामान पिसांत न खोचता चोचीतून नेतात. विल्यम डिल्गर या अमेरिकन संशोधकाने या दोन जातींचा संकर करून पाहिला आणि १९६२ साली त्यावर लिहिलं: संकरित पिल्लं पट्टी पिसांत खोचायला जायची, ती नीट बसायचीच नाही, आणि शेवटी बराच काळ चुकतमाकत ती पट्टी चोचीतून न्यायला शिकली. आपल्या हिरवीचं असं गोंधळलेलं काही नव्हतं. तिला अगदी नेमकं ठाऊक होतं.

घरातला न संपणारा हंगाम

अंडं अडकलं ते कॅल्शियमच्या कमतरतेने, हे उत्तर बरोबर आहे, पण अपुरं. कॅल्शियम का संपलं, हा पुढचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर दवाखान्यात नव्हतं. मी मुलीला पिंजरा, खोली, दाण्यांची भांडी यांचे फोटो पाठवायला आणि दिवे कधी लागतात-विझतात ते लिहून काढायला सांगितलं.

हे पक्षी मूळचे आफ्रिकेच्या नैर्ऋत्य भागातले, नामिबियाच्या आसपासच्या कोरड्या मुलखातले. तिथे बारा महिने विणीची चैन परवडत नाही. पाऊस झाला, गवताला बी धरलं, पाणी जवळ आलं, खडकातली कपार किंवा सुगरणीच्या कुळातल्या विणकर पक्ष्यांच्या प्रचंड सामूहिक घरट्यातली एखादी खोली मोकळी मिळाली, की वीण होते. मुलूख सुकला की ती थांबते. मादीचं शरीर या खुणांची वाट बघत असतं.

या घरात त्या सगळ्या खुणा रोज हजर होत्या. पिंजरा दिवाणखान्यात, रात्री अकरापर्यंत लख्ख उजेड. दाण्याचं भांडं कायम काठोकाठ, वर सूर्यफुलाच्या बिया आवडतात म्हणून वेगळी वाटी. लाकडी पेटी वर्षभर टांगलेली, ‘झोपायला बरी’ म्हणून. कागद हवा तेवढा. आणि संध्याकाळी मुलीच्या मांडीवर बसून पाठीवरून, शेपटीच्या मुळापर्यंत हात फिरवून घेणं. पोपटवर्गीय पक्ष्याच्या डोक्याला-मानेला खाजवणं वेगळं आणि पाठीवरून हात फिरवणं वेगळं. दुसऱ्याचा अर्थ पक्षी जोडीदाराचा स्पर्श असा घेतो. यातली एकेक गोष्ट मायेपोटीच केलेली. पण सगळ्या मिळून त्या दोघींना सांगत होत्या की पाऊस झालाय, अंडी घाला. नर असण्या-नसण्याचा त्याच्याशी काही संबंध नाही. मादी नराशिवायही अंडी घालते.

सगळ्यात जास्त नुकसान केलं ते मात्र स्वच्छतेने. अंडी ‘खराब’ आहेत हे कळलं की घरचे ती लगेच काढून टाकायचे आणि पेटी धुऊन पुन्हा लावायचे. मादीच्या दृष्टीने अंडी गेली, म्हणजे नुकसान भरून काढायचं. ती नव्याने घालायला घेते. असं वर्षभर चाललं होतं. एका अंड्याचं वजन तीन-चार ग्रॅम. पन्नास किलोच्या बाईने एक दिवसाआड तीन-चार किलोचं मूल जन्माला घालावं, असा हा हिशेब. कवचाचं कॅल्शियम येतं खाण्यातून आणि पोकळ हाडांत साठवलेल्या साठ्यातून. खाण्यात ते नसेल तर साठा उपसला जातो.

आणि खाण्यात ते नव्हतंच. राळा, बाजरी, सूर्यफूल. दाण्यांत कॅल्शियम नगण्य आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. फॉस्फरस जास्त झाला की असलेलं कॅल्शियमही नीट लागू पडत नाही. सूर्यफुलाचा गर तर जवळपास निम्मा चरबी. म्हणून ही मादी एकाच वेळी जाड होती आणि उपाशीही. पिंजऱ्यात समुद्रफेस, म्हणजे कटलबोन (कटलफिश या समुद्री जीवाचं कॅल्शियमने भरलेलं आतलं कवच), टांगलेला होता. फोटोत तो पिंजऱ्याच्या वरच्या कोपऱ्यात, जवळ दांडी नाही अशा जागी दिसला, चोचीची एकही खूण नसलेला. ‘कॅल्शियम देतो की,’ असं घरचे म्हणाले ते या समुद्रफेसाच्या भरवशावर. शिवाय पिंजरा खिडकीजवळ, पण काच कायम बंद. कॅल्शियम आतड्यातून शोषायला ड जीवनसत्त्व लागतं, ते त्वचेत तयार व्हायला अतिनील ब किरण लागतात, आणि साधी खिडकीची काच ते बहुतांश अडवते. ऊन अंगावर पडलेलं दिसतं, उपयोग होत नाही. यावर थेंबांच्या बाटल्या सर्रास वापरल्या जातात, पण ड जीवनसत्त्व जास्त झालं तर मूत्रपिंडात कॅल्शियम साचतं, म्हणून वजन करून, प्रमाण ठरवून द्यायची ती गोष्ट आहे.

काय बदललं आणि काय जमलं नाही

पेटी त्याच दिवशी काढली. कागद बंद. संध्याकाळी सहा-साडेसहाला पिंजरा अंधाऱ्या, निवांत खोलीत हलवायचा आणि सकाळी उजाडल्यावर बाहेर आणायचा, म्हणजे बारा-तेरा तास काळोख. पिंजऱ्यावर नुसतं कापड टाकून दिवाणखान्यातच ठेवलं तर चालेल का, असं घरच्यांनी विचारलं. टीव्हीचा आवाज आणि फटींतून येणारा उजेड बघता ते पुरलं नसतं. पिंजऱ्यातल्या दांड्यांच्या, भांड्यांच्या जागा दर काही दिवसांनी बदलायच्या, म्हणजे जागा आपली, पक्की, सुरक्षित असं त्यांना वाटत नाही. हात फिरवायचा तो डोक्यापुरता.

दोघींना वेगळं करावं का, यावर मी थोडा वेळ घेतला. एकमेकींना पाहून दोघींनाही चेव चढतो हे खरं. पण तीन वर्षं बांधलेली जोडी तोडली की पक्षी ओरडून ओरडून हैराण होतो, कधी स्वतःची पिसं उपटतो, आणि नुकत्या आजारातून उठलेल्या मादीवर तो ताण नको होता. शिवाय बाकीच्या खुणा काढल्या तर नुसत्या सोबतीने अंडी येतातच असं नाही. हिरवीला पूर्ण बरी होईपर्यंत शेजारच्या पिंजऱ्यात, दिसेल-ऐकू येईल असं ठेवलं आणि मग एकत्र केलं.

पहिले दोन आठवडे कठीण गेले. पेटी गेल्यावर हिरवी घर शोधत सुटली. पिंजऱ्याबाहेर सोडलं की सोफ्याच्या फटीत, पुस्तकांच्या मागे, उघड्या कपाटात. पिवळीवर चिडचिड, तिला दाण्याच्या भांड्यावरून हुसकावणं. घरच्यांना वाईट वाटलं आणि एकदा पेटी परत लावायचा विषय निघाला. मी नको म्हणून सांगितलं. त्याऐवजी ताज्या फांद्या सोलायला दिल्या आणि दाणे एका भांड्यात न देता फांद्यांच्या बेचक्यांत, सालीखाली दडवायला सांगितले. शोधून खाण्यात दिवस गेला की घरटं शोधायला वेळ कमी उरतो.

आहार बदलणं सर्वात जड गेलं, आणि तेही ठणठणीत पिवळीच्या बाबतीत. हिरवीने गोळीखाद्य, म्हणजे दाण्यांऐवजी द्यायच्या तयार खाद्याच्या गोळ्या, आठवड्याभरात चोचीत घेतलं. पिवळी भांड्याशी जायची, गोळ्या एकेक करून बाहेर फेकायची आणि उपाशी बसायची. मुलगी रोज सकाळी ग्रॅमच्या काट्यावर दोघींचं वजन करायची, म्हणून ते वेळेत कळलं: ५२ ग्रॅमवरून ४६. लहान पक्ष्याचं वजन दहा टक्क्यांवर घसरलं की थांबायचंच. दाणे पुन्हा सुरू केले, आणि गोळ्यांची भुकटी किंचित ओल्या दाण्यांना चोळून, महिनाभर प्रमाण वाढवत नेलं. ‘भूक लागली की खाईल’ हा नियम कुत्र्याला कदाचित चालेल. लव्हबर्ड समोर अन्न असताना उपाशी मरू शकतो, कारण त्याला ते अन्न वाटतच नाही. पालेभाज्यांत पालक टाळला, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. गाजर, लाल भोपळा आणि बाकीचा गडद हिरवा पाला चालला. समुद्रफेस दांडीच्या शेजारी, चोचीच्या उंचीवर आणला. हिरवीने तो चार दिवसांत अर्धा केला. आधी सूर्यफुलाच्या बियांवर जीव असलेली ही मादी कॅल्शियमसाठी किती वखवखलेली होती, ते इथे दिसलं.

मधल्या काळात पिवळीने अंडी घातली, पिंजऱ्याच्या तळाशी, चार. घरच्यांनी घाबरून फोन केला. अंडी काढू नका, एवढंच सांगितलं. लव्हबर्डची अंडी उबायला साधारण तेवीस दिवस लागतात. नापीक अंड्यांवर मादी तेवढे दिवस, कधी थोडे जास्त बसते, कंटाळते, आणि उठून जाते. मग ती काढायची. पिवळीने तसंच केलं आणि पुढची वीण झाली नाही. हिरवीने त्यानंतर अंडं घातलेलं नाही. तिचं वजन हळूहळू ५४ ग्रॅमवर आलं. हे सगळं करूनही अंडी थांबली नसती तर हार्मोन दाबणारं ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन किंवा त्वचेखाली बसवायचं डेस्लोरेलिनचं रोपण हे पर्याय होते. ते राखून ठेवले आहेत. घरातली परिस्थिती न बदलता नुसतं इंजेक्शन देत राहायला माझी तयारी नव्हती.

घरच्यांचा शेवटचा आग्रह असा की आता खरा नर आणावा, म्हणजे ‘बिचाऱ्यांचं पोकळ अंड्यांवर बसणं’ तरी संपेल. माझं उत्तर नाही असं होतं, आणि ते त्यांना पटायला वेळ लागला. फळलेलं अंडं हेही अंडंच, त्यालाही तेवढंच कॅल्शियम लागतं, आणि वर पिल्लं घरट्यातून बाहेर पडेपर्यंत सहा आठवड्यांच्या आसपास त्यांना भरवणं. शिवाय जमलेल्या दोघींत तिसरा सोडला तर मारामारी ठरलेली. लव्हबर्ड एकमेकांच्या पायाच्या बोटांना चावतात आणि बोटं तुटतात. नर आणायचाच तर वेगळा पिंजरा आणि आधी महिना-दीड महिना विलगीकरण, आणि तोवर हिरवीचा पुन्हा एक्स-रे काढून हाडं कशी भरली आहेत ते बघायचं. सध्या तरी काट्यावरची रोजची वही चालू आहे, आणि तिचं वजन दोन-तीन दिवसांत एकदम तीन-चार ग्रॅमने वाढलं किंवा विष्ठा अचानक मोठी आणि कमी वेळा पडू लागली, तर लंगडायची वाट न बघता आणायचं असं ठरलं आहे.